धाकूचं शेरणं

आमच्या कातळकोंडच्या धाकूची मान लांब होती. दगडी गडग्यापलीकडून माणूस येण्याआधी त्याचं डोकं यायचं, आणि डोकं आलं की समजावं, आता हा काहीतरी विचारणार.

राजापूरची एसटी तिठ्यावर थांबली की तो दारात एक पाय ठेवून कंडक्टरला विचारी, "राजापूरला जाते काय?"

"काका, पाटी दिसत नाय?"

"पाटी रंगवणारा कुठं गाडीत बसलाय? तू बसलायस. तू सांग."

मागची माणसं शिव्या घालत. पण एकदा ती गाडी खरोखरच लांज्यापर्यंतची निघाली. पाटी बदलायची राहून गेली होती. आधीच कळल्यामुळे धाकू तिठ्यावरच वडाखाली निवांत बसला, आणि पाटीवर विश्वास ठेवलेली माणसं लांज्याला उतरून उन्हात बसली. तेव्हापासून शिव्या थोड्या कमी झाल्या.

पोटासाठी तो चिरे काढायचा. आमचा सडा म्हणजे नुसता तांबडा कातळ, आणि त्या कातळाच्या पोटातला चिरा असा की भिंत बांधली तर बांधणाऱ्याचा नातू म्हातारा होईल पण भिंत म्हातारी होणार नाही. चिरा सुटा झाला की धाकू त्यावर टिकाव हलकेच वाजवी आणि कान लावून विचारी, "काय रे, आत पोकळ नाय ना?" चिरा वाजून उत्तर देई. धाकू म्हणे, दगडाचं हे बरं असतं, विचारलं की रागवत नाही.

त्याची बायको राही. तिला बघायला गेले तेव्हा बरोबरच्या माणसांनी रीतीप्रमाणे विचारलं, भात लावता येतो का, भाकरी थापता येते का. शेवटी नवरदेवानं मान लांब करून विचारलं, "मी तुला आवडलो काय?" घरात अशी शांतता पसरली की चुलीवरची पेज उतू गेलेली सगळ्यांना ऐकू आली. राहीनं खाली मान घालून सांगितलं, "अजून नाय." धाकूला ते उत्तर इतकं आवडलं की त्यानं तिथंच सुपारी फोडा म्हणून हट्ट धरला. पुढं कित्येक वर्षांनी मी राहीवहिनीला विचारलं, "आता तरी आवडतो काय?" ती म्हणाली, "ते त्यांना विचारू दे. मंग सांगेन."

देशावर या माणसाची माया विलक्षण. एकाहत्तरच्या लढाईत शहरात दिवे घालवायचा हुकूम निघाला. आमच्या गावात तेव्हा वीजच आली नव्हती. तरी धाकू दिवेलागणीला घरोघर फिरून चिमण्या विझवायला सांगे. कमळाआजी तेव्हाही आजीच होती. ती म्हणाली, "मेल्या, भाकरी काय काळोखात भाजू?"

"भाज गो आजी. देशासाठी चार दिस करपलेली खाऊ."

शाळेपुढचा झेंड्याचा चौथरा त्यानं एकट्यानं बांधला. खाणीतले वीस चिरे तपासून त्यातला एक निवडी. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीला धुतलेला सदरा घालून तो मुलांच्याही आधी शाळेत हजर असे, आणि झेंडा वर गेला की त्याची आधीच लांब असलेली मान आणखी वीतभर वाढे.

आता शेरण्याचं सांगतो, कारण त्याशिवाय धाकू कळायचा नाही. शिमग्यात आमच्या वाघजाईची पालखी निघते. सहाणेवर, म्हणजे पालखी जिथं बसते त्या चौथऱ्यावर, सगळा गाव जमतो, मुंबईची पोरं रजा काढून येतात. त्या दिवशी पहाटे एक माणूस गावच्या हद्दीत कुठंतरी नारळ पुरतो. तो नारळ म्हणजे शेरणं. कुठं पुरलं हे त्यानं बायकोलाही सांगायचं नाही. मग पालखी खांद्यावर घ्यायची, ढोल वाजवायचा, आणि देवीनं ते शोधायचं. पालखी डुलत डुलत गाव पालथा घालते आणि एका जागी दांडा जमिनीला टेकवते. तिथं खणलं की तांबड्या मातीत नारळ. कसं होतं ते मला विचारू नका. मी वीस शिमगे मागच्या दांड्याखाली खांदा दिलाय. खांद्याला कळतं, डोक्याला कळत नाही.

आणि आमच्याकडे आणखी एक रीत आहे. ज्याच्या जागेत शेरणं निघालं, त्यानं तो नारळ हातात धरून देवीपुढं एक खरं सांगायचं, वर्षभर पोटात ठेवलेलं. एका वर्षी लवूच्या घरामागच्या परड्यात निघालं. त्यानं नारळाकडं बघितलं, देवीकडं बघितलं आणि सांगितलं, "भावाकडचा गडगा हातभर मी सरकवलाय." भाऊ पालखीचा पुढचा दांडा धरून होता. त्याला खांदा सोडता येईना आणि लवूला पळता येईना. शेवटी दोघंही हसायला लागले. दुसऱ्या दिवशी गडगा परत गेला.

ते शेरणं पुरायचा मान धाकूच्या घराण्याचा. आजा, बाप आणि तो. त्यासाठी वेगळी छोटी कुदळ होती, ती वर्षभर देवाच्या फळीवर असे. धाकूकडं दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं. घर गवती छपराचं, सदरे दोन. पण शिमग्याच्या सकाळी तो हात धुऊन सहाणेवर येई तेव्हा सरपंचसुद्धा त्याच्या नखांतली माती निरखून बघे, कुठली असेल म्हणून.

शहाऐंशी सालची गोष्ट. दिवाळीनंतर सरकारी गाडी आली, कातळाला भोक पाडून गेली आणि वर हिरवा रंग दिलेलं बोअरिंग बसवून गेली. दांडा मारला की आतून म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा आवाज यायचा. पाणी यायचं नाही. बायका पूर्वीसारख्याच हंडे घेऊन खालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, वाळूत खणलेल्या डुऱ्यावर जात. जाताना बोअरिंगवर हंडा टेकवून घटकाभर दम घेत, एवढा त्याचा उपयोग.

सव्वीस जानेवारीला पंचायत समितीचे सभापती झेंड्याला आले. आमचे सरपंच आत्मारामशेट चार दिवस आधीपासून हवेत होते, कारण सभापतींनी रस्त्याला खडी टाकायचं कबूल केलं होतं. झेंडा फडकला, फुलं पडली, मुलांनी गाणं म्हटलं. सभापती भाषणाला उभे राहिले. माणूस उंच, आवाज गोड. म्हणाले, "बंधूंनो, कातळकोंडची पिढ्यान् पिढ्यांची तहान आज सरकारनं भागवली आहे!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी धाकूची. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्याची चालूच. मग ती थांबली आणि मान वर आली.

"सायेब, एक विचारू काय?"

"विचारा की."

"त्या बोअरिंगचं पाणी तुमी प्यायलाव काय?"

सभापतींच्या पुढ्यात शहाळं होतं. ते शहाळ्याकडं बघून म्हणाले, "नाही बुवा, अजून नाही."

"आमी पन नाय."

पहिल्यांदा पोरं हसली. मग बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. मग मास्तरांना खोकला आला. सभापतींचे कान लाल झाले. आत्मारामशेट ताडकन उठले.

"धाकू! बस खाली! आजचा दिवस काय, तू बोलतोस काय? झेंड्याखाली उभा राहून सरकारची अब्रू काढतोस? हा देशद्रोह झाला!"

धाकूला खरंच कळेना आपलं काय चुकलं. तो शांतपणे म्हणाला, "शेट, झेंडा माजा, सरकार माजं, नि तहान पन माजीच. मंग विचारू कुनाला? विलायतेच्या राणीला?"

आता मात्र कोणी हसलं नाही. सभापती जीपमध्ये बसले आणि धूळ उडवत गेले. खडीचा रस्ता त्या धुळीत जाताना सगळ्यांनी बघितला.

चार दिवसांनी सहाणेवर गावकी बसली. आत्मारामशेटनी विषय काढला. "देशाचा अपमान करणाऱ्याच्या हातचं शेरणं देवी घेणार नाय. यंदापासून शेरणं माझा पुतण्या बाबू पुरेल. शिमग्याला सभापतींना मानानं बोलावू, झालं गेलं पुसून टाकू."

सगळे गप्प. मीसुद्धा गप्प. प्रत्येकाच्या दारातून तो खडीचा रस्ता जात होता ना! धाकूनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. भागोजी, पालखीचा पुढचा जुना खांदेकरी, त्यानं मान फिरवली. धाकू उठला, टॉवेल झटकला आणि घरी गेला.

त्यानंतर तो कोणाला काही विचारेना. कातळकोंडात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती, आणि खोटं कशाला सांगू, कोणालाही ती बरी वाटली नाही. एसटीच्या दारात पाय ठेवला की तो मुकाट्यानं आत जाऊन बसे. कंडक्टर बिचारा अस्वस्थ. शेवटी त्यानंच सांगितलं, "काका, राजापूरला जाते हां गाडी."

"बरं," धाकू म्हणाला. बस, एवढंच.

एके दिवशी मी खाणीवर गेलो. तो चिऱ्यावर बसून बिडी ओढत होता.

"धाकूभाऊ, शेटची माफी मागून टाका. मान परत मिळेल."

"बाळा, मी तुला एक सांगतो," तो म्हणाला. विचारतो म्हणाला नाही, सांगतो म्हणाला. "शेरणं म्हंजे काय? आमी देवीलाच विचारतो, बाये, तुला आमचं कळतं ना? जागी हायस ना? दरसाल विचारतो. माज्या आज्यानं विचारलं, बापानं विचारलं. देवी कधी रागवली? उलट गुलाल अंगावर घेऊन नाचते. आता सांग, पल्याडच्या गावच्या देवीला आपण शेरणं पुरतो काय?"

"तिला कशाला? ती आपली कुठं हाय?"

"मंग! जी आपली, तिलाच विचारायचं ना? मी सरकारला आपलं मानलं, हा माजा गुन्हा."

बिडी विझली होती. त्यानं ती दगडावर घासली आणि टिकाव उचलला. उठताना म्हणाला, "मान शेटनी काढला. देवीनं काढलाय काय, ते अजून कुनी तिला विचारलं नाय." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

शिमगा आला. आंब्याला कैऱ्या लटकल्या, मुंबईची पोरं रंगीत शर्ट घालून उतरली. सभापतीही आले. आत्मारामशेटनी स्वतःच्या उपरण्यानं खुर्ची पुसून सहाणेजवळच्या फणसाखाली मांडली. दुपारी तेवढीच काय ती सावली.

बाबूनं पहाटे शेरणं पुरलं होतं. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. मोठ्या मानाचं काम मिळालं या आनंदात त्यानं ते पहिल्यांदा मित्रांना सांगितलं, मग मित्रांनी बहिणींना. दुपारपर्यंत कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं की शेरणं होळीच्या खांबामागं, सावरीच्या मुळाशी आहे. ज्याला त्याला वाटत होतं, यंदा पाहुण्यांसमोर काही गडबड नको, पटकन सापडलेलं बरं.

ढोल वाजला. आम्ही पालखी उचलली. पुढं भागोजी, मागं मी. ती उचलताक्षणी मला कळलं की आज खांद्याला काही कळणार नाही, कारण डोक्याला आधीच कळलेलं आहे. सगळी गर्दी सावरीकडं तोंड करून वाट सोडून उभी. आम्ही सरळ गेलो, दांडा टेकवला. खणलं. नारळ निघाला. ढोलवाल्याचा हात अजून गरमही झाला नव्हता.

आत्मारामशेटनी टाळ्या वाजवल्या. सभापतींनी वाजवल्या. बाकी कोणाच्या घशातून हुर्रा निघेना. कमळाआजी जमिनीवर काठी आपटून म्हणाली, "एवढ्यासाठी मुंबईवरनं पोरं आली? अरे, देवीला पेपर आधीच फोडलाव, नि पास झाली म्हणून टाळ्या पिटताव! लाज नाय?"

"आजी, गप," शेट म्हणाले. "भागोजी, पालखी सहाणेवर बसवा."

भागोजी हलेना. त्याचं लक्ष गडग्याला टेकून उभ्या असलेल्या धाकूकडं होतं. धाकू हाताची घडी घालून आभाळाकडं बघत होता. पण राहीवहिनी बायकांतून मोठ्यानं म्हणाली, "अवो, मघापासून बगतेय, नखांत माती कसली तुमच्या?"

सगळ्या गावानं धाकूच्या नखांकडं बघितलं. त्यानं हात पाठीमागं घेतले.

"धाक्या," भागोजीनं हाक मारली, "तू पन पुरलंयस काय?"

धाकू नुसता हसला. दोन महिन्यांनी हसला.

आणि देवीची शपथ, पालखी जड झाली. ढोलवाल्यानं कोणाला न विचारता टिपरू मारलं. आम्ही फिरलो. आता कुठं जायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि काय सांगू, तो आनंद! बायका ओरडत होत्या, पोरं पायांत येत होती. पालखी माडांच्या बागेकडं झुकली, तिथून वळली आणि थेट बोअरिंगकडं निघाली.

"बघा! बघा!" शेट किंचाळले. "मुद्दाम तिथंच पुरलंय! परत पाहुण्यांचा अपमान!"

मलाही तेच वाटलं. पुढचा दांडा बोअरिंगवर आपटला. आतून खर्रर्र करून जुना खोकला आला. सभापतींनी तो पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण तोंडाकडं नेलेलं शहाळं त्यांच्या हातातच राहिलं. पण पालखी थांबली नाही. बोअरिंगला वळसा घालून पुढं निघाली.

धाकू ओरडला, "मी काय एवढा सरळ माणूस वाटलो काय रं?"

आम्ही फणसाखाली आलो. पालखी सभापतींच्या खुर्चीभोवती फिरली. एकदा, मग परत. त्यांना वाटलं देवी भेटायला आली, त्यांनी हात जोडले. तेवढ्यात भागोजीचा खांदा खाली गेला आणि दांडा खुर्चीच्या पायाला टेकला. टक्.

ढोल थांबला.

"उठा सायेब," भागोजी म्हणाला.

"अरे, पाहुणे आहेत ते!" शेट मधे धावले. "पाहुण्यांना उठवताव?"

"आमी नाय उठवत. ती उठवतेय."

सभापती शेटकडं बघत होते, मग देवीकडं, मग धाकूच्या नखांकडं. आणि एकदम त्यांच्या तोंडावर हसू फुटलं. ते उठले, खुर्ची स्वतःच्या हातानं बाजूला केली. "आत्मारामशेट, राहू द्या. आमच्या गावातही शेरणं आहे. लहानपणी मी पालखीपुढं नाचलोय."

पोरांनी माती उकरली. हातभर खाली नारळ. मग जो हुर्रा उठला, तो म्हणे खालच्या पऱ्यावरच्या म्हशींनी ऐकला आणि त्या घरी पळाल्या.

जागा सभापतींच्या खुर्चीची, म्हणून तांबड्या मातीचा नारळ भागोजीनं त्यांच्याच हातात ठेवला. रीत कोणी सांगितली नाही. सांगायची गरज नव्हती. सभापतींनी नारळ दोन्ही हातांत धरला. भाषणातला गोड आवाज कुठं गेला कोण जाणे, साध्या, जरा बसलेल्या आवाजात म्हणाले,

"आई, पाणी लागलंय की नाही, मला माहीत नव्हतं. मला वरून सांगितलं, लागलं. मी इथं येऊन तसंच सांगितलं. मी विचारलंच नाही."

मला वाटलं होतं धाकू आता मान ताठ करून गावाकडं बघेल. पण तो पुढं आला तेव्हा त्याची मान चक्क खाली होती. चुकलेल्या भावाला सांगावं तसं तो म्हणाला, "मंग विचारा ना सायेब. आमी तुमाला विचारतो, तुमी वर विचारा. त्यात काय बिगडतं?"

"विचारतो," सभापती म्हणाले. "आणि पाण्याचं आज काही कबूल करत नाही. आधी विचारतो."

कातळकोंडात सरकारकडून आलेलं ते पहिलं उत्तर, जे ऐकून कोणी टाळी वाजवली नाही आणि सगळ्यांना ते खरं वाटलं. धाकूनं नारळ घेतला, झेंड्याच्या चौथऱ्यासाठी घडवून उरलेला एक चिरा तिथं पडला होता, त्यावर फोडला, आणि पाणी सांडू न देता अर्धी वाटी सभापतींपुढं धरली.

"घ्या. आता बोला भाषणात. कातळकोंडचं पाणी प्यायलाव."

सभापती प्यायले. शेटना उरलेली वाटी मिळाली. तेही प्यायले, काय करणार, देवीसमोर होते.

पाणी लगेच आलं असं नाही. दोनदा साहेब लोक येऊन कातळ ठोकून गेले. पुढच्या पावसाळ्याआधी पऱ्याच्या अंगाला, वडाच्या खालच्या बाजूला नवीन भोक पाडलं तेव्हा लागलं. पहिल्यांदा तांबडं, मग पांढरं, मग पाण्यासारखं. पहिली ओंजळ धाकू प्यायला, त्यानं तोंड पुसलं आणि यंत्रावरच्या माणसाला विचारलं, "मे महिन्यात पन येईल काय?" खडी मात्र अजून यायची आहे. ती कुठवर आली, हे धाकू दर महिन्याला राजापूरला जाताना वाटेत उतरून विचारून येतो, कंडक्टरला आधी गाडी कुठं जाते ते विचारून.

आणि मान? पुढच्या शिमग्याच्या आदल्या दिवशी आत्मारामशेट स्वतः नारळ घेऊन धाकूच्या दारात गेले. धाकूनं फळीवरची कुदळ काढली. शेट जाता जाता घुटमळले, म्हणाले, "धाकूभाऊ, कुठं पुरणार, ते नको सांगू. फक्त एवढंच सांग, फणसाखाली नाय ना?"

धाकूनं मान लांब केली. "शेट, पोटात काय ठेवलंयव?"

दुसऱ्या दिवशी फणसाखाली चार खुर्च्या मांडल्या होत्या. पुसून, ओळीनं. संध्याकाळपर्यंत त्यांवर कोणी बसलं नाही.